एक्स२०० वर लिबरबूट: आठ महिने वापरल्यानंतर

थिंकपॅड एक्स२०० वर लिबरबूट (मशीन सुरू करणाऱ्या मूळ बायोसच्या जागी बसणारं मुक्त सॉफ्टवेअर) टाकून आठ महिने झाले. हा २००८ चा लॅपटॉप, कोअर टू ड्युओवाला. माझं लिखाण, मेल आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग आता रोज यावरच होतं.

इतकं जुनं मशीन का? लिबरबूट ज्यावर उभं आहे ते कोअरबूट (१९९९ मध्ये लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने सुरू झालेलं) नव्या मशीनवरही चालतं. पण इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (मुख्य प्रोसेसरपासून वेगळं, आपल्याआपण चालणारं छोटं कंप्युटर) बायोसच्या फ्लॅश चिपमधून पूर्ण पुसता येतं ते साधारण याच पिढीपर्यंत. पुढच्या पिढ्यांत ते पुसलं तर मशीन अर्ध्या तासात बंद पडतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली, तिच्या नकळत चालणारं काही मला नको होतं. त्यासाठी वेगाचा त्याग केला आणि तो मला पटलेला आहे.

पहिल्यांदा फ्लॅश, म्हणजे त्या चिपवर लिहिणं, बाहेरूनच करावं लागतं, कारण मूळ बायोस स्वतःवर लिहू देत नाही. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढला की चिप दिसते. माझी १६ पायांची, ८ एमबीची निघाली. काही मशीनमध्ये ८ पायांची असते, म्हणून उघडून बघेपर्यंत चिपच्या पायांवर बसणारी क्लिप मागवू नका. बॅटरी आणि चार्जर काढून रास्पबेरी पाय या छोट्या कंप्युटरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून चिपला वीज दिली. चुकून ५ व्होल्ट गेले तर चिप जळू शकते.

खरा वेळ गेला तो वाचण्यात. फ्लॅशरॉम या चिप वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅमने मूळ बायोस दोनदा वाचला, तर दोन्ही चेकसम (फाइल तीच आहे का ते तपासायचा आकडा) वेगळे. क्लिप नीट बसली नव्हती. ती पुन्हा पुन्हा काढून लावली, तारा आखूड केल्या, तेव्हा कुठे सलग तीन वाचनं जुळली. त्याआधी लिहायला घेतलं असतं तर परतीची वाटच उरली नसती. लिहायला मात्र काही मिनिटंच लागली.

एक गोष्ट राहिली होती: इमेजमध्ये (चिपवर लिहायच्या फाइलमध्ये) मूळ मॅक पत्ता, म्हणजे लॅनचा ओळख क्रमांक, भरायचा. लॅन जोडल्यावर भलताच पत्ता दिसला तेव्हा लक्षात आलं.

रोजच्या वापरात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फ्लॅशमधला ग्रब, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम. कर्नलसकट (लिनक्सच्या गाभ्यासकट) अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली आहे, कुठलंही उघडं बूट पार्टिशन नाही. पासफ्रेज दिल्यावर काही सेकंद थांबावं लागतं, पण हरकत नाही. मूळ बायोस ज्यांनाच चालू द्यायचा ती वाय-फाय कार्डांची ठरावीक यादीही गेली. ज्याला बंद फर्मवेअर लागत नाही असं अ‍ॅथेरॉसचं कार्ड बसवलं. मेमरीच्या बाबतीत मात्र जपून. दोन वेगळ्या बनावटीच्या पट्ट्या लावल्या तेव्हा स्क्रीन काळीच राहिली, एकसारखी जोडी लावल्यावर ८ जीबी सुरळीत चालते आहे.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती टाकली. या वेळी स्क्रूड्रायव्हर लागला नाही: कर्नलला फ्लॅश चिपपर्यंत पोहोचू देणारा आयओमेम-रिलॅक्स्ड पर्याय दिला आणि लिनक्समधूनच फ्लॅश केलं. तरी मूळ बायोसची फाइल दोन पेनड्राइव्हवर आहे आणि क्लिप त्यांच्याच डबीत ठेवली आहे.