उतारावरचा प्लॉट सपाट करून घेताय? माझे ७,०५,००० गेले, तुमचे वाचवा

पोकलेन आणि हायवा डंपरचे १,३५,०००, माती अडवणाऱ्या रिटेनिंग वॉलचे ४,८०,०००, आणि "रॉयल्टी भरतो" (उत्खननावरचं सरकारी शुल्क) म्हणून ठेकेदाराने नेलेले ९०,००० रोख. रोख का दिले, असं विचारणाऱ्यांनी हिशेब बघावा: १५० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) उत्खनन, ब्रासला ६०० रुपये. दर सरकारी, शिक्का सरकारी, मुरूम वाहतुकीच्या पासवर क्यूआर कोड. संशय घ्यायचा कुठे?

घ्यायला एकच जागा होती. पासवरचा गाडी नंबर आणि समोर मुरूम भरणाऱ्या हायवाचा नंबर जुळत नव्हता. मी विचारलंसुद्धा. "सर, ती गाडी पासिंगला गेलीय, पास तोच चालतो." तिथेच मोबाइल काढून कोड स्कॅन करायला हवा होता! नंतर पास निघाला दुसऱ्याच खाणीचा, मुदत संपलेला, रंगीत झेरॉक्स. पण मागे ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, अशा वेळी कोण स्कॅन करत बसतं? तुम्ही मात्र करा. प्रत्येक गाडीचा.

भिंतीची तऱ्हा त्याहून भारी. पहिल्याच मोठ्या पावसात तिला पोट आलं आणि खालच्या शेजाऱ्यांच्या अंगणात चिखल उतरला. वीप होल (भिंतीमागचं पाणी बाहेर काढणारी भोकं) म्हणून पाइपचे वीतभर तुकडे नुसते तोंडाशी खुपसलेले, आरपार एकही नाही. मागे खडी नाही, माथ्याला चर नाही. २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला भिंत कोसळून १५ जीव गेले, तरी हे लोक असली कामं करतात. मागची भर घालण्याआधी पाइपमधून सळई घालून बघा.

आणि सरकार? बेकायदा उत्खननाची नोटीस मला, ठेकेदाराला नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७), काढलेल्या मुरुमाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. बनावट पासांचा गठ्ठा टेबलावर ठेवला तर महसूल खात्याचे साहेब म्हणतात, "उत्खनन तुमच्याच जमिनीत झालंय ना?" पोलीस म्हणतात दिवाणी मामला. बांधकाम परवानगीवाले म्हणतात, ही भिंत मंजूर नकाशात नाही, आमचा संबंध नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारीवर तलाठी लगेच पंचनाम्याला हजर, माझ्या अर्जाला आवक क्रमांकापलीकडे काही नाही. शिक्के बनवणारा मोकळा, दंड माझ्या सातबाऱ्यावर चढणार!

प्लॉट अजून घेतला नसेल तर कंटूर नकाशा (जमिनीचा चढउतार दाखवणारा) स्वतःच्या सर्व्हेअरकडून काढा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर (पाच फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ) बांधकामाची परवानगी सहसा मिळत नाही. रॉयल्टी स्वतःच्या नावाने चलन काढून भरा. खोदण्याआधीचे तारखेसकट फोटो ठेवा, सुनावणीत पहिल्यांदा तेच मागतात.