गुरुवारची हवा खरंच वेगळी असते का? पीएम मीटर दहा महिने वापरल्यावर

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत राहणाऱ्याला गुरुवार कॅलेंडरमध्ये बघावा लागत नाही. समोरच्या गाळ्यातल्या प्रेसची धडधड थांबली, की तो गुरुवार. विजेचा भार सगळ्या आठवड्यावर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे सुट्टीचे वार लागले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. काही कंपन्या आता रविवार पाळतात, पण लहान वर्कशॉपवाल्यांचा गुरुवार अजून सुटलेला नाही. मी स्वतः एका टूलरूममध्ये आहे आणि घर इंद्रायणीनगरला तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी एमआयडीसीच्या बाजूला. वडिलांचं ठाम मत आहे की गुरुवारची हवा वेगळी असते, श्वास मोकळा होतो. आवाज नसल्यामुळे तसं वाटत असेल, असं मी म्हणायचो. हा वाद मिटवायचा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये हवा मोजायचं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. किंमत चार हजारांच्या आत-बाहेर. नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत मिळणारी सगळी आतून जवळपास सारखीच असतात.

आत एक बारका पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेसरचा उजेड पडतो आणि कणांवरून तो किती विखुरतो यावरून आकडा निघतो. पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण), पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण), दोन्ही घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये, शिवाय तापमान आणि आर्द्रता एवढं दिसतं. पंख्याचा आवाज रात्री बेडरूममध्ये जाणवतो. बॅटरी म्हणाल तर चार तास, म्हणजे ती नाहीच असं धरा आणि कायम चार्जरला लावून ठेवा.

पहिले चार दिवस यंत्र हॉलमध्ये होतं आणि त्या चार दिवसांत मी हवेचा नाही, आमच्या स्वयंपाकाचा अभ्यास केला. मोहरी तडतडली की आकडा तिनशेच्या वर. उदबत्तीला तोच प्रकार. डासांची कॉइल तर विचारू नका, ती आम्ही त्याच आठवड्यात बंद केली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मी फोडणी घालतेय, तुमचं ते डबडं बाहेर न्या आधी." तेव्हापासून ते बाल्कनीत, पावसाचा शिंतोडा लागणार नाही अशा कोपऱ्यात.

मग दिवाळी आली. शॉप आठवडाभर बंद, कामगार गावाला, नाशिक रस्त्यावर दिवसा चक्क मोकळी जागा. वर्षातली सगळ्यात लांब सुट्टी ती हीच. म्हणजे हवा सगळ्यात स्वच्छ हवी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊला यंत्राने ९९९ दाखवलं आणि तिथेच अडकलं, कारण पडद्यावर चौथा आकडा मावत नाही. त्या आठवड्यातलं काहीच हिशेबात धरता आलं नाही.

खरी संधी २० नोव्हेंबरला मिळाली. विधानसभेचं मतदान, बुधवार, सगळीकडे सुट्टी; आणि दुसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा गुरुवार. फटाके नाहीत, पाऊस नाही, सलग दोन दिवस शॉप बंद. मी मंगळवारपासून तासातासाला आकडे वहीत उतरवले (ॲपवर विश्वास का नव्हता ते पुढे सांगतो). मंगळवारी दिवसभराची सरासरी सत्तरच्या घरात होती. गुरुवारी ती साठीच्या थोडी वर. शुक्रवारी प्रेस सुरू झाल्या आणि आकडा होता तिथेच राहिला. वडिलांना वही दाखवली. ते म्हणाले, "यंत्र स्वस्तातलं आणलंस."

त्यांचं म्हणणं अर्धं खरं निघालं, पण त्याकडे येतोच. पुढचे तीन महिने मी सगळे गुरुवार एका रंगाने आणि बाकीचे वार दुसऱ्या रंगाने लिहीत गेलो, तेव्हा कळलं की वारापेक्षा वाऱ्याचा हात मोठा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वरच्या उबदार थराचं झाकण बसतं. धूर वर जात नाही. सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठनंतर आकडा चढतो, दुपारी तीन-चारला उन्हाने हवा ढवळली की उतरतो. कोणताही वार घ्या, हा चढउतार तसाच. जानेवारीतल्या एका गुरुवारी वारा पूर्ण पडला होता. सगळं बंद असूनही तो आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस ठरला. पीएम २.५ चे कण इतके बारीक की काही दिवस हवेत तरंगत राहतात आणि लांबून वाहूनही येतात. त्यामुळे आज शटर ओढलं म्हणून कालचा धूर घरी जात नाही. शिवाय गुरुवारी आळंदी रस्ता थोडाच थांबतो? आणि बंद शॉपच्या गेटवर वॉचमन लोकांची शेकोटी असतेच, तीही बऱ्याचदा पॅकिंगच्या लाकडाची आणि प्लास्टिकची.

इथे २०२० ची आठवण सगळेच काढतात. एप्रिलमध्ये गच्चीवरून डोंगर स्वच्छ दिसायचे, मीही पाहिले. पण ते मार्चअखेरीपासूनचे दिवस होते, तेव्हा दरवर्षीच हवा हिवाळ्यापेक्षा बरी असते. जुलैत पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा दहा दिवस कडक लॉकडाऊन लागला, तो तर ऐन पावसाळ्यात; हवा आधीच धुतलेली. म्हणजे लॉकडाऊनने फरक पडला नाही असं नाही. गाड्या थांबल्या तशी देशभरातल्या शहरांत नायट्रोजन डायऑक्साइडची पातळी झपाट्याने खाली आली. पीएम २.५ ही उतरला, पण त्या मानाने कमी, कारण चुली, कचरा आणि हवेतच तयार होणारे कण चालूच होते. काही ठिकाणी ओझोन उलट वाढला, कारण गाड्यांच्या धुरातला जो नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो तोच कमी झाला.

आता वडिलांच्या अर्ध्या खऱ्याकडे. हे यंत्र वायू मोजतच नाही. पावडर कोटिंगचा वास, थिनरची वाफ, टेम्पोच्या डिझेलमधले नायट्रोजनचे ऑक्साइड, जनरेटर, यातलं बरंचसं त्याला दिसत नाही. पीएम १० दाखवतं, पण तोही बहुतेक बारीक कणांवरून काढलेला अंदाज; टेम्पोच्या चाकाखालून उडणारी जाड धूळ त्या छोट्या पंख्याने नीट ओढलीच जात नाही. थोडक्यात, गुरुवारी जे खरोखर कमी होतं त्यात हे यंत्र आंधळं. ग्रिल पुसायचं फडकं त्याच्यापेक्षा प्रामाणिक आहे. बुधवारी संध्याकाळी ते काळं निघतं, शुक्रवारी सकाळी बरं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली. पाडापाडीच्या दिवसांत आकडा वर होता, धूळही दिसत होती. त्यानंतर रात्री येणारा जळक्या रबराचा वास आमच्याकडे कमी झाला, हे घरातले सगळे सांगतात. मार्चमध्ये आकडाही उतरला, पण तो कशामुळे उतरला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही; हवाच बदलते तेव्हा. (१ मे नेमका गुरुवारी आला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीत गेली, ते दुःख वेगळं.)

मेअखेरीस पाऊस लवकर आला आणि यंत्राची दुसरी खोड कळली. आर्द्रता नव्वदच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र त्यांना धूर समजतं. बाहेर धुकं असलं की शंभर, भोसरीतल्याच सरकारी हवा-मोजणी केंद्राचा आकडा मात्र तीस-पस्तीस. तिथे हवा मोजण्याआधी ओलावा काढतात, आपल्याकडे ती सोय नाही. हिवाळ्यातल्या दुपारी दोघांचे आकडे दहा-पंधराच्या फरकाने जुळायचे. म्हणून सकाळचे आणि पावसाळ्यातले आकडे मी आता गंभीरपणे घेत नाही.

ॲप वाईट आहे. सात दिवसांपलीकडचं काही ठेवत नाही, दोनदा आपोआप लॉगआउट होऊन सगळं पुसलं गेलं. विक्रेत्याला लिहिलं तर "यंत्र उघड्यावर ठेवू नये" असं उत्तर आलं. सातव्या महिन्यात आकडा एकाच जागी रेंगाळायला लागला. उघडून पाहिलं तर पंख्यात धूळ आणि कोळ्याचं जाळं. ब्लोअरने साफ केलं, पुन्हा चालू आहे.

घ्यावं का? घरातला धूर बघायला जरूर घ्या, त्यात ते हुशार आहे. आपल्या भागात कोणत्या तासाला हवा बिघडते हेही बरं दाखवतं. कारखाने बंद ठेवून किती फरक पडतो याचा निवाडा मात्र त्याच्याकडून मागू नका. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आमच्या बाल्कनीत हिवाळ्यातला एकही गुरुवार त्या १५ च्या आत आला नाही.

वडील साडेपाचला फिरायला जायचे, "सकाळची हवा शुद्ध" म्हणून. थंडीतले पहाटेचे आकडे ओलाव्याने फुगलेले असतात, तो फुगवटा वजा करून सांगितलं, तरी दुपारी चारचे निम्मे भरत होते. दोन महिने वही त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. आता ते चारला जातात. गुरुवारी मात्र पहाटेच.