कान, खाचा आणि रबरबँड : पुठ्ठ्याच्या फलकांचा भूमिती-संच वर्षभर वापरल्यावर

समभुज त्रिकोण ४०, चौरस २०, सुसम पंचकोन १२, सुसम षटकोन ८ आणि १०० रबरबँडची एक पिशवी. खोक्यात एवढंच सामान, किंमत ७२० रुपये. सगळ्या आकारांची बाजू एकाच मापाची, ७ सेंमी. प्रत्येक बाजूला सेंटीमीटरभर रुंदीची एक दुमडायची पट्टी आहे. आमच्या वर्गात तिला सगळे ‘कान’ म्हणतात. दोन फलकांचे कान एकमेकांना पाठ लावून उभे करायचे आणि कानांच्या टोकांना ज्या खाचा आहेत त्यांत रबरबँड अडकवायचा. झाली एक कड तयार. गोंद लागत नाही, सेलोटेपही लागत नाही.

मी चिपळूणजवळच्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. संच गेल्या जूनमध्ये घेतला आणि वर्षभर वर्गात वापरला, म्हणून आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच पद्धतीचे संच वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला जे आवडलं ते पद्धतीतलं आहे. ज्या उणिवा पुढे लिहिल्या आहेत त्या मात्र या खोक्यातल्या.

संच हातात आल्यावर पहिलं काम एकच : सगळे कान दोन्ही बाजूंना एकेकदा दाबून दुमडून घ्या. घडीची रेघ कारखान्यातच पाडलेली असते, पण एकाच अंगाने. ती नीट मोडली नाही तर कान परत आडवा होऊ पाहतो आणि रबर सटकतं. मुलांना हे काम फार आवडतं, एका तासिकेत सगळे फलक तयार होतात.

सूचनापत्रक इंग्रजीत आहे आणि त्यात तयार आकृत्यांचे फोटो आहेत. ते मी कपाटात ठेवून दिलं. फोटो समोर असला की मुलं फोटोसारखं करायला बघतात, आणि मग संचाचा अर्धा उपयोग तिथेच संपतो. मी फक्त त्रिकोण वाटले आणि सांगितलं, एका कोपऱ्याभोवती जोडत जा. तीन त्रिकोण जोडले की टोक घट्ट होतं, दाबून हलत नाही. चार जोडले की हलतं, खालचे दोन समोरासमोरचे कोपरे जवळ आणले की उरलेले दोन लांब जातात. पाच जोडले की आणखी सैल. सहा जोडले की सगळं बाकावर सपाट पडतं, कारण ६० गुणिले ६ म्हणजे ३६०, पूर्ण वर्तुळ भरलं. सातवा त्रिकोण कोंबलात तर कडा साडीच्या निऱ्यांसारख्या वरखाली होतात. ‘सहा त्रिकोणांचा कोपरा असलेली सुसम घनाकृती का नाही’ हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवत होते. यंदा ते शिकवावं लागलं नाही. मुलांनीच मला दाखवलं.

आता काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या सांध्यांबद्दल. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे काड्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आकृत्या करायचा हा प्रकार महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत पोचला आहे, आमच्याही. तो स्वस्त आहे आणि आजही मी वापरते. पण तिथे हातात फक्त कडा असतात. काड्यांचा घन उभा केला की कलंडतो, त्याला तिरप्या काड्यांचा आधार द्यावा लागतो. त्यातून त्रिकोणाची मजबुती छान कळते, पृष्ठ म्हणजे काय हे मात्र कळत नाही. फलकांच्या संचात उलट आहे. चार चौरस जोडून बिनबुडाचा, बिनझाकणाचा डबा केला, तर तो डावीकडे-उजवीकडे झुकत राहतो. त्याला खाली एक चौरस जोडला की झुकणं बंद. आठवीतली एक मुलगी हे करताना एकदम ओरडली, “बाई, हलतच नाहीये आता!” सांधा तोच, रबर तेच, फक्त एक बूड लागलं. मग तिने ते बूड काढून पुन्हा हलवून पाहिलं, परत लावलं, परत काढलं. शेजारच्या बाकावरच्यांनी आपापले डबे पुढे केले.

त्यामागचं गणित मोठं आहे. पृष्ठं ताठ आहेत आणि कडांना बिजागरी आहे अशी कुठलीही बंद, बहिर्वक्र (म्हणजे कुठेही खड्डा नसलेली) घनाकृती हलू शकत नाही, हे फ्रेंच गणिती कोशी यांनी १८१३ मध्ये मांडलं. खाचखळगे असलेली आकृती हलू शकते का, हा प्रश्न पुढे दीडशेहून जास्त वर्षं राहिला. १९७७ मध्ये रॉबर्ट कॉनेली यांनी हलणारी एक आकृती सापडवून दाखवली. आठवीच्या मुलांना सिद्धता सांगायची नसते, पण बूड लावण्याआधी आणि लावल्यानंतर काय होतं ते त्यांच्या हाताला कळलेलं असतं. गोंदाने चिकटवलेल्या घडणीत (कागदावर सपाट उलगडून काढलेला, मग कापून-दुमडून जोडलेला आकार) हे कधीच कळणार नाही, कारण तिथे बिजागरी उरतच नाही.

घडणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कार्डशीटवर घडण काढून, कापून, चिकटवून विंशतिफलक (वीस त्रिकोणांची घनाकृती) करणाऱ्या प्रत्येकाला शेवटची पट्टी माहीत आहे. आत बोट घालायला जागा नसते आणि बाहेरून दाबलं की पृष्ठ आत जातं. या संचात कान बाहेर असल्यामुळे शेवटची कडही पहिल्या कडेसारखीच लागते.

माझ्या मते या संचाचं खरं मोल रबरबँडमध्ये आहे. एक रबर म्हणजे एक कड. मुलं कडा मोजताना नेहमी गोंधळतात, एकच कड दोनदा मोजतात, मागची विसरतात. इथे आकृती सोडवली की रबरं बाकावर पडतात, ती मोजायची. विंशतिफलकाची ३०, द्वादशफलकाचीही (बारा पंचकोनांचा) ३०, घनाची १२, अष्टफलकाचीही (आठ त्रिकोणांचा) १२. या जोड्या सारख्या का येतात, हे मुलांनीच विचारलं. फलक मोजले की पृष्ठं मिळतात, म्हणजे ऑयलरच्या सूत्रातले दोन आकडे मिळाले : पृष्ठं अधिक शिरोबिंदू (म्हणजे कोपरे) बरोबर कडा अधिक २. तिसरा आकडा आधी सूत्राने काढायचा आणि मग आकृती परत जोडून खरा आहे का ते बघायचं. नववीला मी पुढचंही करून घेतलं. प्रत्येक कोपऱ्याला ३६० अंशांत किती कमी पडतात ते लिहायचं आणि सगळ्या कोपऱ्यांची मिळून बेरीज करायची. घनाला एका कोपऱ्याशी ९०, कोपरे ८. विंशतिफलकाला ६०, कोपरे १२. द्वादशफलकाला ३६, कोपरे २०. चतुष्फलकाला (चार त्रिकोणांचा) १८०, कोपरे ४. दरवेळी ७२०. ही गोष्ट फ्रेंच गणिती देकार्तची, सतराव्या शतकातली. फळ्यावर चार ओळी होतात, पण आकृती समोर नसेल तर त्या चार ओळी निव्वळ गुणाकार वाटतात.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा संच पुन्हा विकत घेईन ती सांगते. १८ चौरस आणि ८ त्रिकोण घ्या, ४८ रबरं. प्रत्येक कोपऱ्याशी तीन चौरस आणि एक त्रिकोण. तयार होते ती आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी एक, रॉम्बिक्यूबॉक्टाहेड्रॉन. ती बाकावर ठेवून तिचा वरचा भाग बघा : मधे एक चौरस, त्याच्या चार बाजूंना चार चौरस, त्यांच्या मधल्या फटींत चार त्रिकोण. ही झाली टोपी. टोपीची कड अष्टकोनी आहे, म्हणून ती फक्त ८ रबरांनी खालच्या भागाला जोडलेली असते. ती ८ रबरं काढा. टोपी अख्खी उचलली जाते. तिला ४५ अंशांनी फिरवा, परत बसवा, ८ रबरं लावा. बरोबर बसते, कुठेही फट नाही. कोपरे तपासा : पुन्हा प्रत्येकाशी तीन चौरस, एक त्रिकोण. फलक तेच, संख्या तीच.

मग बदललं काय? वर्गात यावर बराच वेळ वाद झाला. अर्ध्या मुलांचं म्हणणं, काहीच नाही. शेवटी एकीने बोट टेकवून चौरसावरून चौरसावर नेत आकृतीला फेरी मारली. आडवी फेरी पूर्ण झाली, आठ चौरसांची. उभी फेरी मारायला गेली तर टोपीवरून खाली उतरून मधल्या पट्ट्यातला चौरस ओलांडल्यावर बोट त्रिकोणाशी येऊन अडलं. टोपी फिरवण्याआधी अशा पूर्ण फेऱ्या तीन होत्या, आता एकच उरली. प्रत्येक कोपऱ्याच्या जवळून बघितलं तर सगळं सारखं, आणि तरी आकृती वेगळी! म्हणून हिला त्या तेरांत धरत नाहीत. नॉर्मन जॉन्सन यांनी १९६६ मध्ये सुसम पृष्ठांच्या उरलेल्या बहिर्वक्र घनाकृतींची ९२ जणींची यादी केली, तिच्यात ही ३७वी आहे. यादी पूर्ण आहे हे झाल्गालर यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं. त्या ९२ पैकी काहींना अष्टकोन आणि दशकोन लागतात, ते या संचात नाहीत. तरी बऱ्याच जणी होतात.

नुसत्या त्रिकोणांचा खेळही असाच दमदार आहे. मुलांना सांगा, फक्त समभुज त्रिकोण वापरायचे, कुठेही खड्डा नको आणि शेजारचे दोन त्रिकोण एका सपाटीत यायला नकोत. ४, ६, ८, १०, १२, १४, १६ आणि २० त्रिकोणांच्या आकृत्या होतात. १८ची होत नाही. हे १९४७ मध्ये सिद्ध झालेलं आहे, पण मी वर्गात आधी बोलले नाही. त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत खोकं रिकामं असायचं.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे खोक्यावरचं चित्र. झाकणावर झोकात फुटबॉल छापलाय. फुटबॉलला १२ पंचकोन लागतात, ते आहेत. षटकोन लागतात २०, आणि आत आहेत ८. जे आतल्या सामानातून होत नाही ते झाकणावर छापणं मला अजिबात पटत नाही. आमच्या विज्ञानाच्या सरांना कार्बनची अपरूपं (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपं) शिकवताना फुलरीन दाखवायला नेमका तोच हवा होता. ६० कोपरे, म्हणजे कार्बनचे ६० अणू. ८ षटकोनांत दुसऱ्या चांगल्या आकृत्या होतात (६ चौरस मिळवून १४ पृष्ठांची जी होते ती तर एकाला एक चिकटवत गेलं की जागा पूर्ण भरते), पण चित्रातली होत नाही.

रबरबँडही साधारण आहेत. कोकणातल्या हवेत गणपतीपर्यंत ते चिकट झाले आणि दिवाळीनंतर तुटायला लागले. स्टेशनरीच्या दुकानात वजनावर मिळतात ते घ्या, चपटा धरून ५ सेंमी भरेल असा बघा. त्याहून लहान घेतला तर ताणामुळे पुठ्ठा वाकतो आणि त्रिकोणाची बाजू कमान होते. मोठा घेतला तर कान उघडे पडतात. पुठ्ठा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आहे, चांगला आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये दमट होऊन मऊ पडतो. आम्ही फलक पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो, आकृत्या सोडवून, सपाट.

एका आकाराला एकच रंग दिलाय, सगळे त्रिकोण पिवळे. त्रिकोण दोन रंगांत असते तर अष्टफलक एकाआड एक रंगाने करता आला असता. आणि कान बाहेर असल्यामुळे आकृतीला सगळीकडून पंख फुटल्यासारखं दिसतं. प्रदर्शनात मांडायला, कपाटात शोभेला ठेवायला हा संच घेऊ नका. त्यासाठी चिकटवलेली घडणच बरी. चांदणीसारख्या खळगे असलेल्या आकृत्या याच्यात होतात, पण खळग्यांत कानांची दाटी होते आणि आकार ओळखू येत नाही.

चाळीस मुलांच्या वर्गाला एक संच कमी पडतो, दोन हवेत. दोन घेतले की षटकोन १६ होतात, म्हणजे फुटबॉलला तेव्हाही चार कमीच. दुकानात सुटे षटकोन मिळतात का विचारलं, मिळत नाहीत. म्हणून आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून उरलेली जाड कार्डं आणली. माप देते, कुणाला लागलं तर. ७ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपासचं अंतर न बदलता परिघावर सहा खुणा करा, खुणा जोडा, प्रत्येक बाजूला बाहेरून १ सेंमीचा कान सोडा. रिकाम्या रिफिलच्या बॉलपेनने घडीच्या रेघेवर पट्टी धरून दाबून ओढा आणि कानाच्या दोन्ही टोकांना घडीलगत छोटी खाच मारा. ए-फोर आकाराच्या एका कार्डात दोन षटकोन बसतात. एक संच असेल तर १२ षटकोन करावे लागतील, म्हणजे सहा कार्डं. फुटबॉलला रबरं ९० लागतात आणि तो साधारण ३५ सेंमी व्यासाचा होतो, तेव्हा बाक आधी रिकामा करून ठेवा.