माथेरानचं इंजिन घरी बनवायचंय : ४५ मिलिमीटर की १२७ मिलिमीटर?

माथेरानच्या गाडीचं वाफेवर चालणारं इंजिन छोट्या प्रमाणात स्वतः बनवायचं, असं मनात घेतलं की आपण आधी कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचं सॉफ्टवेअर, उघडून बसतो. त्याआधी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ठरवा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये सगळं त्यावर अडतं.

नेरळ-माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला. दोन रुळांतलं अंतर ६१० मिलिमीटर. हेच इंजिन ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणलं तर प्रमाण साधारण १:१३.५ पडतं, आणि १२७ मिलिमीटरवर, म्हणजे ५ इंची गेजवर, १:४.८.

माप पावणेतीन पटींहून थोडं जास्त वाढतं, पण वजन जवळपास बावीस पटींनी. लहान इंजिन ४ किलोचं झालं, तर तेच मोठं केल्यावर ९० किलोच्या घरात जातं. लिफ्ट बंद असताना ते चौथ्या मजल्यावरून कोण उतरवणार? लहान इंजिन पिशवीत घालून गच्चीवर नेता येतं आणि दीड मीटर त्रिज्येच्या वळणावर ते सुखाने फिरतं. मोठ्याला जमीन लागते. पण त्याच्यामागे डब्यावर बसून, कोळसा टाकत, स्वतः गाडी चालवता येते. हे सुख लहान इंजिनात नाही, हे मान्य करायलाच हवं.

कॅडमध्ये एकदा काढलं की हवं तसं लहान-मोठं करता येईल, असं मलाही वाटलं होतं. चित्र लहान होतं. वाफ आणि ड्रिल होत नाहीत. मूळ इंजिनातली १ मिलिमीटरची मोकळीक १:१३.५ ला ०.०७ मिलिमीटर उरते. मी पहिल्या आराखड्यात सिलिंडरमधले वाफेचे मार्ग असेच प्रमाणात खाली आणले. पडद्यावर ते फार देखणे दिसले. प्रत्यक्षात ०.८ मिलिमीटरचं ड्रिल पितळात थोडं आत गेलं आणि तुटलं. तुकडा आतच राहिला, तीन रविवार घासून-तासून तयार केलेला ठोकळा गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या आराखड्यात भोक १.५ मिलिमीटरचं केलं, सिलिंडरची भिंत त्या मानाने जाड ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही. मोठ्या गेजमध्ये अशी तडजोड फारशी करावी लागत नाही.

माथेरानच्या इंजिनाचं खरं वैभव त्याच्या चाकांच्या आसांत आहे. ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीच्या या सहाचाकी इंजिनांना पुढेमागे क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. आत गाभ्याचा आस, त्यावर पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसावर. म्हणून घाटातल्या तीव्र वळणांवर टोकाची चाकं सरकतात, वळतात. ही रचना जशीच्या तशी करायची जिद्द असेल, तर १२७ घ्या. ४५ मध्ये मी टोकाच्या आसांना बाजूची मोकळीक देऊन भागवलं. कॅडचा खरा उपयोग इथे झाला : इंजिन वळणावर ठेवून चाक फ्रेमला कुठे घासतंय ते धातू कापण्याआधीच दिसलं.

फ्यूजन की फ्रीकॅड, या दोन कॅड सॉफ्टवेअरांत कोणतं घ्यायचं, यात फार वेळ घालवू नका. फ्यूजन शिकायला सोपं, पण वैयक्तिक मोफत परवान्यात मर्यादा आहेत. फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं, आणि १.० आवृत्तीपासून खूप सुधारलंय. मी फ्रीकॅडवर आहे.

राहिला बॉयलर, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. ४५ साठी तांब्याच्या नळीचा एक तुकडा पुरतो. चांदीचं ब्रेझिंग, म्हणजे चांदीचा मिश्रधातू वितळवून सांधे जोडणं, हातातल्या गॅसच्या टॉर्चवर होतं, इंजिन ब्युटेन गॅसवर चालतं. १२७ च्या बॉयलरचं तांबं उष्णता इतकी ओढून घेतं की मोठा टॉर्च, मोकळी जागा आणि दुसरा माणूस लागतो. बाल्कनीत हे करू नका. गावाकडे अंगण असेल तरच त्या वाटेला जा. गेज कुठलंही असो, आग लावण्याआधी बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरा, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडं बोट फिरवा.