प्राइम९५: उत्तरावर भरवसा ठेवावा का?

मर्सेन संख्या, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून येणारी, मूळ (अविभाज्य) आहे का हे तपासायचे असेल, तर प्राइम९५ हा मोफत प्रोग्रॅम बिनधास्त घ्यावा. अशा मूळ संख्या शोधणारा, १९९६ मध्ये सुरू झालेला 'गिम्प्स' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प याच्याच बळावर वाढला. मनाला येईल ती मोठी संख्या तपासायला मात्र दुसरे साधन बरे.

मर्सेन संख्येने भागून बाकी काढायला भागाकार लागतच नाही. वरचे बिट कापून खालच्या बिटांत मिळवले की काम झाले. सगळा भार वर्ग करण्यावर येतो आणि तिथे हा प्रोग्रॅम फार वेगवान आहे. लुकास-लेहमर चाचणीत ४ पासून सुरुवात होते: वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हे केल्यावर शून्य उरले, तर संख्या मूळ. ३१ साठी (घातांक ५, म्हणून तीन वेळा) ४, १४, ८, ०. घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येते आणि ती २३ × ८९ आहे.

खरा धोका पुढेच आहे. घातांक १३ कोटींचा असला की वर्गही तितकेच. मधे एक बिट चुकला तरी शेवटचे उत्तर खोटे, आणि ते पाहून चूक कळत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक घातांक दुसऱ्या संगणकावर पुन्हा तपासावा लागे. आता आधी संभाव्य-मूळ चाचणी होते, म्हणजे संख्या बहुधा मूळ आहे का एवढे पाहणारी. तिच्यातली गर्बिझ तपासणी चूक पकडून गणित मागच्या शाबूत टप्प्यावर नेते आणि शेवटी पुराव्याची फाइल तयार होते, जिच्यावरून दुसरा कोणी थोड्या कामात उत्तर पडताळू शकतो. ही सोय माझ्या मते प्रोग्रॅममधली सर्वांत मोलाची.

त्यासाठी डिस्कवर जागा मोकळी सोडा. १३,६२,७९,८४१ या घातांकाला गणिताच्या मधली एक बाकी सुमारे १७ मेगाबाइटची. अशा २५६ साठवायच्या, म्हणजे जवळपास ४.४ गिगाबाइट. मग पडताळणाऱ्याला साधारण ५.३ लाख वर्गांत काम उरकता येते. जागा निम्मी दिलीत तर त्याचे काम दुप्पट होते.

'हार्डवेअर एरर' दिसू लागले तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका. बहुधा रॅम वाढीव वेगावर चालवलेली असते. वेग उतरवा आणि प्रोग्रॅममधली टॉर्चर टेस्ट (संगणकावर पूर्ण भार टाकून पाहणारी चाचणी) रात्रभर चालवा. प्रत्येक कोरला वेगळा घातांक देऊ नका, मेमरीची ये-जा तुंबते. किती वर्कर (एका वेळी चालणारी स्वतंत्र कामे) ठेवायचे ते बेंचमार्कवरून ठरवा. मुख्य चाचणीआधी पी-उणे-एक नावाच्या पद्धतीने संख्येचे अवयव शोधताना दुसऱ्या टप्प्याला मेमरी सढळ द्यावी, मुळातली मर्यादा फारच तोकडी आहे.

ग्राफिक्स कार्ड मात्र हा प्रोग्रॅम वापरत नाही, आणि ही उणीव मोठी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वरच्याच घातांकाची ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली, ती ग्राफिक्स प्रोसेसरवर. तसे कार्ड असेल तर लहान भाजक शोधण्याचे काम तरी त्याच्यावरच सोपवावे.