लाल चकतीचा टायमर: अ‍ॅस्पर्जर असलेल्या मुलांसाठी घ्यावा का?

मुलाचा पेपर बघा: गणित बिनचूक, रीत सविस्तर, पण वर लिहिलेलं ‘कोणतेही दोन सोडवा’ वाचलेलंच नाही. पाचही सोडवलेली आणि पुढचा प्रश्न कोरा. याला धांदरटपणा म्हणू नका. अ‍ॅस्पर्जर हा ऑटिझमचाच एक प्रकार, त्यात लक्ष एका जागी खोल रुततं आणि कडेला जे असतं ते डोळ्यांसमोर असूनही पोचत नाही. 2013 पासून अमेरिकी वर्गीकरणात हे निदान ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये गेलं, पण घरातली अडचण तीच आहे.

हा टायमर 60 मिनिटांचा, एका पेन्सिल सेलवर चालणारा. वेळ सरेल तशी लाल चकती लहान होत जाते, त्यामुळे किती उरलं याचा हिशोब डोक्यात करावा लागत नाही. तो वहीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, अगदी समोर ठेवा. बाजूच्या फळीवर ठेवला तर त्या सूचनेसारखाच तोही दिसणार नाही.

खरी किंमत वसूल होते ती शेवटच्या पाच मिनिटांत. चकती 25 वर लावा आणि काचेवर 5 च्या खुणेपाशी एक टिकली चिकटवा. लाल कड टिकलीला टेकली की पेन खाली. आता प्रत्येक सूचना बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि उत्तरं शेवटून सुरुवातीकडे तपासायची. वरून खाली गेलं की डोकं आधीच ठरवलेलं वाचतं, कागदावरचं नाही.

दोष आवाजाचा आहे. स्वस्त नगांची टिकटिक शांत खोलीत चांगलीच जाणवते. आवाज सोसत नसेल तर मुलाचं सगळं लक्ष तिकडेच जातं. शेवटची शिटी कर्कश असली तर मूल दचकतं आणि दुसऱ्या दिवशी टायमरला हात लावू देत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत घेणार असाल तर दुकानातच सेल घालून कानाशी धरा आणि मागे आवाज बंद करायचं बटण आहे का बघा. चावीचा किचन टायमर स्वस्त पडतो, पण घंटा बंद करता येत नाही. तो नकोच.

मोठ्यांच्या कामावर याची मदत तोकडी. शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये व्हर्निअरवर 0.02 मिलिमीटर अचूक वाचणाऱ्याकडूनही ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढायची टीप सुटू शकते. तिथं जॉबसोबत, म्हणजे घडवायच्या भागासोबत, पाच ओळींचं कार्ड हवं, आणि प्रत्येक ओळीपुढं टिक नव्हे तर मोजलेला आकडा किंवा केलेलं काम लिहायला जागा. टिकच्या खुणा न बघताही ओळीनं मारल्या जातात.

पाचपैकी साडेतीन. महिन्यातून एकदा मोबाइलशी 30 मिनिटं ताडून बघा. मागे पडत असेल तर आधी सेल बदला.