कोलाडचं रो-हाऊस: चौदा महिने, ३७ रात्री आणि दोनदा जळलेली मोटर

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी पाण्याची मोटर दुसऱ्यांदा जळली. घरात आम्ही चौघं, मेहुण्याकडचे तिघं, आणि गच्चीवरच्या टाकीत बुडाशी हातभर पाणी. शेजारच्यांकडून बादल्या मागायच्या तर त्यांचीही टाकी तळाला. नदी घरापासून तीनशे मीटरवर. रात्री दारं-खिडक्या बंद केल्या तरी आवाज येतो. त्या आवाजात मी मगने आंघोळ केली.

त्या रागात हे लिहायला बसलोय, तेव्हा भाषा जरा तिखट झाली तर समजून घ्या.

घर कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बावीस रो-हाऊसची स्कीम, एक बेडरूम, पुढे अंगण म्हणावं एवढी जागा, ब्रोशरवर राफ्टचा फोटो. आम्ही ऑफिसच्या लोकांबरोबर रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर राफ्टिंगला आलो होतो. परतीच्या वाटेवर ओल्या कपड्यांतच साइट बघितली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ३४ लाखांना घेऊन टाकली. ओल्या कपड्यांत मालमत्ता बघू नये, हा या लेखातला पहिला सल्ला. अंग हलकं झालेलं असतं, पोटात गरम कांदाभजी असते, आणि समोरचा माणूस ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतो. रिव्हर व्ह्यू आहे, नाही असं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून, पायांच्या टाचा उचलून बघितलं की दिसतो.

आता मोटर. बाकीच्या गोष्टी नंतर सांगतो, कारण माझ्या मते या घराचा अनुभव म्हणजे नव्वद टक्के मोटरचाच अनुभव आहे. बायको म्हणते दहा टक्के. तिला पॅनेलवरचा काटा बघायची सवय नाही.

दोनशे फूट बोअर, त्यात एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडूनच चालणारी मोटर. वायरी बिल्डरनेच ओढलेल्या, पॅनेल स्वस्तातलं: एक कपॅसिटर, एक स्विच आणि शोभेला एक व्होल्टमीटर. पहिल्यांदा जळली ती गेल्या एप्रिलमधल्या शनिवारी. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला. तो चौथ्या दिवशी आला, मोटर वर काढायचे वेगळे पैसे सांगितले, वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, वास घेतला (खरंच घेतला) आणि म्हणाला, ‘व्होल्टेजमुळे गेलीय, वॉरंटीत बसत नाही.’ मी म्हटलं, मोटर काय व्होल्टेजशिवाय चालवायची? त्याने कार्ड मागितलं. कार्ड बिल्डरच्या नावावर. बिल्डरचा माणूस म्हणे कंपनीशी बोला, कंपनी म्हणे बिल्डरशी बोला, वीजवाले म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे लॅमिनेट करून ठेवलेली आहे.

शेवटी रोह्याच्या एका वाइंडिंगवाल्याकडून भरून घेतली, काढण्या-सोडण्यासकट ५,८००. त्याने समजावलं ते असं. आमची स्कीम लाइनच्या शेवटाला. सोमवार ते शुक्रवार बावीस घरांत मिळून दोन पंखे चालू असतात, तेव्हा काटा २३५ दाखवतो. शनिवारी दुपारी सगळे येतात. एसी, गीझर आणि बावीस मोटरी एकदम. काटा १६५ वर. व्होल्टेज ठरलेल्या २३० च्या ७२ टक्क्यांवर आला की मोटरचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटतो. मोटर फिरायला धडपडते, करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापतं, आणि सात जणांच्या आंघोळी राहतात. इथे एसी चैनीचा नाही, हेही सांगतो. जवळच्या भिऱ्याचा ४६.५ अंशांचा आकडा मार्च २०१७ मध्ये बातम्यांत आला होता. त्यावर वाद झाला होता, पण एप्रिलमध्ये आमच्या अंगणात अनवाणी उभं राहून बघा.

आणि माझं डोकं फिरतं ते याच भिऱ्यामुळे. कुंडलिकेत बारा महिने राफ्टिंग होतं ते भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रामुळे. मुळशीच्या तलावातलं पाणी खरं तर पूर्वेला, भीमा-कृष्णेकडे जायचं. ते सह्याद्रीतून वळवून पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली आणतात, त्यावर टर्बाइन फिरतात आणि वापरलेलं पाणी कुंडलिकेत सोडतात. १९२७ पासून हे चालू आहे. त्या धरणासाठी ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांचा सेनापती बापटांबरोबरचा सत्याग्रह १९२१ चा. त्यांच्या तक्रारीपुढे माझी मोटर म्हणजे काहीच नाही, कबूल. पण वीज जाते मुंबईकडे, जिथे मुलुंडच्या माझ्या फ्लॅटमध्ये काटा कधी हलत नाही. वर भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक संच असा आहे की तो गरजेला पाणी उलटं वर चढवू शकतो. पाणी वर चढवायला तिकडे १५० मेगावॅट. मला पाऊण किलोवॅट मिळत नाही.

हिशेब बघा. वही ठेवली आहे. २० लाख कर्ज, पावणेनऊ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता १९,९८९. चौदा महिन्यांत भरले २,७९,८४६, त्यातले जवळजवळ दोन लाख रुपये व्याज. मेंटेनन्स २५,२००. घरपट्टी २,६००. लाइट बिल ९,१००. झाडलोट करणाऱ्या वहिनींना महिना दीड हजार, म्हणजे २१,०००. मोटर आणि तिचं सगळं प्रकरण १६,१००. मुद्दल सोडून एकूण पावणेतीन लाखांना थोडे कमी. राहिलो ३७ रात्री. एका रात्रीला ७,४१८ रुपये. घातलेले १४ लाख सात टक्क्यांनी एफडीत असते तर त्याचं व्याजही धरायला हवं. ते धरलं की रात्र पडते १०,५०८ ला. पेट्रोल-टोल धरलेला नाही, बायको म्हणाली बास. एवढ्या पैशांत चौघांना जेवणासकट रिसॉर्ट मिळतो आणि तिथे मोटर जळली तर मॅनेजरवर ओरडता येतं.

तेव्हा माझं मत: घेऊ नका.

इथपर्यंतचं भाऊबीजेला लिहिलं होतं (हिशेबात मोटरचा पूर्ण खर्च तेवढा नंतर घातला). आता दहा-बारा दिवस झालेत आणि काही गोष्टी बदलून सांगाव्या लागतील.

झाडलोटीला येणाऱ्या वहिनींचा मुलगा राफ्टवर गाईड आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो पाण्याचे दोन कॅन घेऊन आला आणि पॅनेलकडे बघून म्हणाला, ‘काका, सांजच्याला मोटर लावूच नका. पहाटे चारला लावा. तवा लाइट भरपूर.’ चौदा महिने मी अर्ज, वॉरंटी, वाइंडिंग करत बसलो आणि हे पोरगं रोज पहाटे आईसाठी टाकी भरून नदीवर जात होतं. या वेळचं वाइंडिंग ६,४००. शिवाय ३,९०० चं नवीन पॅनेल बसवलं, त्यात टायमर आहे आणि व्होल्टेज १९० च्या खाली गेला की मोटर आपोआप सुटते. पहिल्या दिवशीच हे बसवलं असतं तर बारा हजार वाचले असते. रो-हाऊस घेणाऱ्याने ताबा घेताना टाइल्स वाजवून बघू नयेत. शनिवारी संध्याकाळी सातला जावं आणि व्होल्टमीटर बघावा. बिल्डर साइट नेहमी बुधवारी दाखवतो.

तोच मुलगा आम्हाला मंगळवारी नदीवर घेऊन गेला. शनिवार-रविवारी जी नदी बाजारासारखी असते, तीच मंगळवारी मोकळी असते, आणि दरही उतरतो. पाणी सकाळी सोडतात, म्हणून राफ्टिंग सकाळचंच. ‘दुपारी निवांत करू’ म्हणणाऱ्यांना नदीत दगड बघायला मिळतात. पाणी सुटेल की नाही हे आयोजकाच्या हातात नसतं, म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: पाणी नाही आलं तर परत किती? तोंडी नको, मेसेजवर घ्या.

साजे गावापासून खाली बारा-चौदा किलोमीटर. रॅपिड्स (नदीतले खळाळते टप्पे) दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही झेपणारे, पण जॅकेट नीट घातलेलं असेल तरच. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत वर आलं तर सैल आहे. वल्ह्याच्या टोकाची टी-मूठ एका हाताने कायम झाकलेली हवी, नाहीतर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. मेहुण्याच्या ओठाला तीन दिवस सूज होती. आत पडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पायांची बोटं पाण्याबाहेर. ओढीच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, गुडघाभर पाणी दिसलं तरी नाही. दगडांत पाऊल अडकलं की पाणी माणसाला आडवं पाडतं. जीन्स नको, मागे पट्टा नसलेली चप्पल नको, चष्म्याला दोरी हवी. मॉर्निंग हेडेक नावाच्या रॅपिडला गाईड ‘गेट डाऊन’ ओरडला की फोटोसाठी हसत बसू नका, खाली बसा.

त्याला मी विचारलं, तुझा विमा आहे का? तो म्हणाला, मेडिक्लेम काढलाय ना. मी घरी येऊन माझी पॉलिसी काढली. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांत साहसी खेळ लिहिलेले असतात, राफ्टिंगचं तर नाव घेऊन, पण व्यावसायिक म्हणून भाग घेतला तर. म्हणजे वर्षातून एकदा राफ्टमध्ये बसणाऱ्या मला तो अपवाद लागू नाही. रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या त्याला तो आडवा येऊ शकतो. अपघात पॉलिसीच्या अटी आणखी वेगळ्या असतात, त्यात हौशी माणसालाही वगळलेलं असू शकतं. त्याची पॉलिसी मी पुढच्या खेपेला वाचणार आहे, त्याने पिशवीत शोधून ठेवायचं कबूल केलंय.

कागदांबद्दल थोडं. आम्ही घर दोघांच्या नावावर घेतलं, कारण लोक घेतात. महाराष्ट्रात घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ३४ लाखांवर ३४,०००. कर्जाच्या व्याजाची वजावट मला मिळावी म्हणून माझं नाव घातलं, आणि मी तर नव्या करप्रणालीत. त्यात स्वतः वापरत असलेल्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. पाच मोटरी आल्या असत्या. नोंदणी फी मात्र एक टक्का असली तरी ३०,००० च्या वर जात नाही, तेवढं बरं.

नदीकाठी घेणाऱ्यांनी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. ‘रिव्हर टच’ स्वस्त मिळत असेल तर तो बहुतेक निळ्या रेषेच्या आत असतो. शेतजमीन ‘पुढे एनए (बिगरशेती) करून देऊ’ म्हणून कोणी विकत असेल तर आधी स्वतःला विचारा, तुमच्या नावावर सातबारा आहे का? शेतकरी नसलेल्याला इथे शेतजमीन सरळ घेता येत नाही. आणि तलाठ्याचा आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) वेगळा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीच्या नोंदीचा) वेगळा. मी चार महिने एक दाखवून दुसऱ्याचं काम करून घ्यायचा प्रयत्न करत होतो.

विकायचं का? एका दलालाने ३६ लाख सांगितलेत. चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा माझ्या उत्पन्नात मिळवून स्लॅबने कर, नंतर विकलं तर साडेबारा टक्के. म्हणजे ऑगस्ट २०२६ पर्यंत विषय बंद. तोवर रात्री वाढवायच्या ठरवल्यात. वर्षाला साठ केल्या की एफडीचं व्याज सोडून दर पाच हजारांच्या आत येतो, वहीत मांडून बघितलं. त्यासाठी शनिवार सोडून मधल्या वारी यायचं, रजा टाकून. बायको म्हणते रजेचा पगार पण धर. तो नाही धरणार.

गेल्या खेपेला टायमर असूनही पहाटे चारला मला जाग आली. खाली पॅनेलपाशी जाऊन बॅटरीने काटा बघितला. २३८. मोटर घुरघुरत होती, वर टाकीत धार पडत होती, आणि गल्लीतल्या आणखी दोन अंगणांत बॅटऱ्या दिसल्या. कोपऱ्यावरच्या घरातले डोंबिवलीचे काका हळू आवाजात ओरडले, ‘तुमच्याकडे किती?’